रात्री फळ खावे काय?

कावेरीच्या काठी तंजावर प्रांती केळीच्या बागा विपुल आहेत. सायंकाळी कामावरून परतणारा गृहस्थ वाटेत चार केळी घेतो आणि ती मुलांना रात्रीच्या जेवणातच मिळतात. ‘रात्री फळ खाऊ नये, कफ होतो,’ हा घरोघरी ऐकू येणारा नियम अशा घरी काटेकोरपणे पाळला, तर मुलांच्या वाट्याला फळ यावयाचेच नाही. तेव्हा आयुर्वेद याविषयी खरोखर काय सांगतो, हे आपण पाहिले पाहिजे.

हा विचार तंजावरास नवा नाही. १७ व्या शतकात व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांचा आश्रय लाभलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा आहारविषयक संस्कृत ग्रंथ रचला. पुढे दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र आणले.

रात्री वर्ज्य म्हणून चरकाने स्पष्ट शब्दांत सांगितले आहे ते दही. सर्व फळांवर तशी सरसकट बंदी नाही. सुश्रुताने तर डाळिंबादी फळे भोजनाच्या आरंभी खावीत असे म्हटले आहे. आपण नेमके उलट करतो, पोटभर जेवून वर केळे खातो! खरा प्रश्न फळाच्या जातीचा आणि जठराग्नीचा आहे. वाग्भटाने केळे, खजूर, फणस व नारळ एकाच गटात घालून ती गुरू, शीतल आणि कफवर्धक म्हटली आहेत. असे जड फळ भरल्या पोटी खाऊन लगेच निजल्यास ते बाधणारच. द्राक्षांना मात्र त्याने फळांत उत्तम मानले आहे. तेव्हा मुलास खोकला असेल तर रात्रीचे केळे टाळावे; निरोगी मुलास ते लवकर, जेवणाच्या आधी द्यावे.

आधुनिक आहारशास्त्रही रात्रीचे फळ म्हणून ते अपायकारक ठरवीत नाही. मधुमेही व्यक्तींनी मात्र फळाची निवड व प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. जेवल्यावर छातीत जळजळ होणाऱ्यांनी खाणे व निजणे यांत दोनतीन तासांचे अंतर ठेवावे.

राहिले शिकरण. दुधाशी विरुद्ध म्हणून चरकाने जी फळे मोजली, त्यांत आंबा, फणस, डाळिंब यांच्याबरोबर ‘मोच’, म्हणजे केळेही आहे. शिकरणप्रिय वाचकांना हे रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्याच प्रकरणात चरकाने सवलतही दिली आहे : ज्याला पदार्थाची सवय आहे, ज्याचा अग्नी प्रदीप्त आहे, जो तरुण आहे व व्यायाम करतो, त्याला विरुद्ध अन्न बाधत नाही, थोडे खाल्ले तरीही नाही. आजोबांच्या वाटीत आणि नातवाच्या वाटीत किती शिकरण वाढावे, हे गृहिणीने यावरूनच ठरवावे.