जुन्या गाडीचे ‘रनिंग’ तपासून घ्या

वसई-विरार पट्ट्यात जुनी चारचाकी घेणारी कुटुंबे आता आपल्या वस्त्यांतही दिसू लागली आहेत. गास, निर्मळ, भुईगावच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला नालासोपारा स्टेशन गाठायचे तरी बस नाही तर रिक्षा धरावी लागते. रात्री-अपरात्री घरात कुणी आजारी पडले तर होणारे हाल वेगळेच. शिवाय शिकूनही नोकरी न मिळालेल्या मुलांना टुरिस्ट गाडी चालवणे हा एक रोजगार वाटतो. नवी गाडी आवाक्याबाहेर, म्हणून जुनी घ्यायची. त्यासाठी वडिलांचा फंड निघतो, आईचे डाग मोडतात, ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीचे कर्ज उचलले जाते. अशा कष्टाच्या पैशाला एका खोट्या आकड्याने कसा खड्डा पडतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

तो आकडा म्हणजे गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर. बाजारातला शब्द ‘रनिंग’. जुन्या गाडीची किंमत ठरते ती मुख्यतः तिचे वय, रनिंग आणि कितवा मालक यावर. वय आणि मालक आरसी बुकात लिहिलेले असतात, त्यात फिरवाफिरव सोपी नाही. उरते ते रनिंग, म्हणून हात तिथेच मारला जातो.

पूर्वीच्या गाड्यांत चाकाच्या फिरण्यावर एक केबल मीटरचे आकडे फिरवीत असे. ती केबल सोडवून ड्रिल मशीनने उलटी फिरवली की आकडे मागे येत. कुणी केबल काढूनच गाडी पळवी, म्हणजे मीटर चढतच नसे. आताचे मीटर इलेक्ट्रॉनिक आहेत, म्हणून ते फसवत नाहीत अशी अनेकांची समजूत आहे. ती अगदी चुकीची आहे. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असते, त्याला यंत्र जोडून काही मिनिटांत हवा तो आकडा टाकता येतो. काही गाड्यांत मीटर उघडून आतली चिप बदलून लिहितात. हाताला ग्रीससुद्धा लागत नाही.

आमच्या परिचयातील एका तरुणाने हायवेवरच्या एका दलालाकडून पाच वर्षांची गाडी घेतली. मीटरवर ४८,००० किलोमीटर. वर्षाला साडेनऊ हजारांच्या आसपास, म्हणजे घरगुती गाडीला शोभेल असाच आकडा. “डॉक्टरची गाडी, फक्त रविवारी निघायची,” असे सांगितले गेले. तिसऱ्या महिन्यात क्लच गेला, मागोमाग सस्पेन्शन. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून आत नीट पाहिले, तर कोपऱ्यात ऑइल बदलल्याचे एक मळके स्टिकर चिकटलेले, त्यावर पेनाने लिहिले होते १,३६,०००. दलाल म्हणाला, “आमच्याकडे आली तशी आम्ही विकली.” पावतीवर गाडीचा नंबर आणि रक्कम एवढेच होते, रनिंगचा उल्लेखही नव्हता. नोटीस गेल्यावर थोडे पैसे परत मिळाले. कर्जाचे हप्ते मात्र पूर्ण चालू आहेत.

या प्रकरणातली एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. मीटर मागे घेणारा माणूस मूर्ख नसतो. तो गाडीच्या वयाला साजेल असाच आकडा ठेवतो. त्यामुळे नुसता मीटर बघून कुणालाही काही कळणार नाही. आम्ही हिशेबाच्या खात्यात नोकरी केलेली माणसे. खतावणीतला एक आकडा खोडला तरी रोजकीर्दीत तो सापडतोच. गाडीचेही तसेच आहे. मीटर बदलता येतो, पण त्या गाडीने इतर ठिकाणी ठेवलेल्या नोंदी सगळ्याच बदलता येत नाहीत.

सर्वांत भक्कम नोंद कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची. गाडी सर्व्हिसिंगला आली की तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर तिथल्या कॉम्प्युटरवर चढतात. मूळ मालकाला बरोबर घेऊन जावे आणि नंबर देऊन सर्व नोंदी काढून घ्याव्यात. दोन वर्षांपूर्वी ९०,००० आणि आज ४८,००० असेल, तर पुढे बोलायचे काही उरत नाही. “मालक परदेशी आहे, सर्व्हिस बाहेरच केली,” असे उत्तर आले तर सावध व्हावे. तसे खरेही असू शकते, पण मग किंमत रनिंग माहीत नसलेल्या गाडीची द्यावी, कमी चाललेल्या गाडीची नव्हे.

दुसरी नोंद आरटीओची. जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, तसा गाडीच्या नोंदीचा तपशील फी भरून आरटीओकडून मागता येतो. वसईच्या गाड्या आता एमएच ४८, त्याआधी ठाण्याच्या एमएच ०४ खाली येत. गाडी आधी टुरिस्ट परमिटवर, म्हणजे पिवळ्या पाटीची होती का, हे मुद्दाम विचारावे. साधा हिशेब करा. टुरिस्ट गाडी रोज २०० किलोमीटर धरली आणि महिन्याचे २५ दिवस, तर महिन्याला ५,००० आणि वर्षाला ६०,००० होतात. अशी गाडी तीन वर्षांनी पांढऱ्या पाटीवर येऊन ५०,००० दाखवू लागली, तर मधले किलोमीटर गेले कुठे?

सीएनजीचेही असेच. बाहेरून किट बसवण्याचा खर्च माणूस करतो तो गाडी पुष्कळ पळवायची असते म्हणून. किट आहे आणि रनिंग मात्र नगण्य, हे जुळत नाही. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. तिची तारीख पाहावी, आणि किटची नोंद आरसीवर आहे का तेही पाहावे. ती नसेल तर पुढे विम्याला अडचण येते.

मग गाडी स्वतः काय सांगते ते बघा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर गाडीच्या वयापेक्षा बरेच नवे आणि रनिंग मात्र २५,०००, तर पहिले टायर इतक्या लवकर का गेले हे विचारावे. ब्रेक-क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंगला चकाकी, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबलेली, पट्ट्याची किनार विस्कटलेली, हे फार चाललेल्या गाडीचे लक्षण. पेडलचे रबर अगदी कोरे असले तर तेही संशयास्पदच. कमी चाललेल्या गाडीला ते बदलायचे कारण काय? गॅरेजवाला आपल्या ओळखीचा न्यावा, दलालाने दाखवलेला नको. आणि जिचे डाग मोडले त्या आईला किंवा पत्नीलाही व्यवहाराला सोबत न्यावे. गाडीच्या झगमगाटाने पोरे भुलतात.

हा प्रकार आपल्याकडेच चालतो असे नाही. अमेरिकेत १९७२ च्या केंद्रीय कायद्याने मीटर मागे घेण्याला बंदी आहे, तरीही तिथल्या सरकारी रस्ते सुरक्षा खात्याच्या अंदाजाने खोट्या मीटरच्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या दरवर्षी विकल्या जातात. बेल्जियमने २००६ पासून जुनी गाडी विकताना तिच्या किलोमीटरचा दाखला देणे सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत लिहिलेले किलोमीटर गाडीच्या नंबरावरून कुणालाही फुकट पाहता येतात. आपली जी मुले आखातात नोकरीला आहेत, त्यांनी तिकडे अमेरिकेहून आलेली जुनी गाडी घेताना तिच्या १७ अक्षरी चासिस नंबरावरून अमेरिकेतल्या जुन्या नोंदी जरूर काढाव्यात. थोडी फी पडते.

आपल्या देशात मीटरसाठी असा दाखला सक्तीचा नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र घेण्याचा नियम आला आहे, तेव्हा ते दाखवा म्हणावे. पावतीवर “विक्रीच्या दिवशी मीटर अमुक कि.मी., हे वाचन खरे असल्याची हमी विक्रेता देतो,” एवढे वाक्य सहीनिशी लिहून घ्यावे. मीटरचा फोटो आणि मूळ जाहिरातही जपून ठेवावी. लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला बयाणा देऊ नये.

फसवणूक झालीच तर पोलिसांत तक्रार करता येते. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे, पूर्वीचे ४२०. विक्रेता व्यापारी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार चालते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. खाजगी मालकाकडून घेतलेल्या गाडीला हा मार्ग सहसा मिळत नाही, तिथे दिवाणी न्यायालय. आधी सल्ला हवा असल्यास १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. कागद देताना मूळ प्रत आपल्याकडे ठेवून झेरॉक्सच द्यावी, आणि दिलेल्या अर्जावर पोच घ्यायला विसरू नये.