पणजोबांपासून खाली उतरताना

वंशावळ म्हटली की आपण वर चढतो: वडील, आजोबा, पणजोबा. आज उलटं जाऊ या. पणजोबांपासून खाली उतरू. वर जाताना हिशेब साधारण ठरलेला असतो, बघा: आईवडील 2, आजीआजोबा 4, त्यांचे आईवडील 8. खाली तसं नाही. एका भावाचा वंश खुंटतो, दुसऱ्याचा शंभरावर जातो.

शोधायचं कसं? एक जोडपं निवडा. त्यांची सगळी मुलं लिहा, मग प्रत्येकाची मुलं. एक पिढी पुरी केल्याशिवाय पुढच्या पिढीकडे वळू नका. घराण्याचा छापील कुलवृत्तान्त असेल तर तो पाहाच. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीत चुलत घरांच्याही नोंदी सापडू शकतात, कारण तिथे आडनाव आणि मूळ गाव यांवरून शोध घेतात.

पण एक अडचण आहे. जुन्या कुलवृत्तान्तांत मुलीची शाखा बहुधा तिच्या लग्नापाशी थांबते. माझ्या थोरल्या आत्याचं असंच झालं. आमच्या घरच्या वहीत तिच्या नावापुढे फक्त सासरचं गाव. तिची नातवंडं आमच्याच शहरात राहतात, हे मला साठीनंतर कळलं. आणि आजोबांचा एकुलता एक फोटो त्यांच्याकडे निघाला!

'आपलं कूळ' म्हणताना कोणाला मोजायचं, हे आपण न कळत ठरवत असतो. तेव्हा पहिला फोन आडनाव बदललेल्या नातेवाइकांना करा. आणि हयात माणसांची माहिती त्यांना विचारल्याशिवाय कुठे देऊ नका.