गाडी हवा घेते

मृगाला दहा-बारा दिवस उरले होते आणि आमची जीप चढावर बंद पडत होती. सपाटीवर काही तक्रार नव्हती. सकाळी एका सेल्फला सुरू व्हायची, ढाणकीच्या बाजारातून फिरून यायची, शेतात बियाण्याची पोती टाकून यायची. पण बंदी भागात शिरून पहिला लांब चढ लागला की मिसिंग मारायला लागायची. आधी एक झटका, मग दोन, मागून पांढऱ्या धुराची गुठळी, आणि निम्म्या चढावर इंजिन गप्प. उतरून बॉनेट उघडायचं, फीड पंपावरचा हातपंप वीस-पंचवीस वेळा दाबायचा, की पुन्हा सुरू. पुढचा चढ येईपर्यंत.

ज्यांना आमचा मुलूख माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उमरखेड तालुक्यातली पैनगंगेच्या काठची जंगलातली गावं म्हणजे बंदी भाग. बिटरगाव, मोरचंडी, जेवली, कोरटा. आंध समाजाची गावं, बंजाऱ्यांचे तांडे, सागाचं रान आणि पैनगंगा अभयारण्य. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की टायरची नक्षी दिसेनाशी होते आणि नाल्यांना पाणी आलं की माणसं अलीकडे-पलीकडे थांबतात. अशा वेळी चारही चाकांना जोर देणारी जुनी जीप हौसेखातर कोणी ठेवत नाही. खताचं पोतं, आजारी म्हातारं, अडलेली बाई, सगळं तीच नेते. म्हणून पावसाच्या आत तिचं दुखणं कळणं मला फार गरजेचं होतं.

एका गॅरेजात दाखवली होती. तिथे पाच मिनिटांत निकाल मिळाला : पंपाचं काम काढावं लागेल, नोझलही चारही बदलू. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच परत आणली आणि ढाणकीत एका मिस्त्रींकडे लावली. हे मिस्त्री मूळचे ट्रॅक्टरवाले. त्यांचा हात इंटरनॅशनलच्या बी-२७५ वर बसला. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया १९६३ साली मुंबईत सुरू झाली, १९७७ साली महिंद्रात विलीन झाली, आणि ट्रॅक्टरच्या त्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपच्या पोटातही बसलं. त्यामुळे आमच्याकडे शेतातलं यंत्र ओळखणाऱ्या माणसाला जीप परकी वाटत नाही. माझ्या गाडीचं इंजिन २५२३ सीसीचं, चार सिलिंडरचं, डीआय. संगणक नाही, सेन्सर नाही. जे काही आहे ते डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनी कळण्यासारखं.

मिस्त्रींनी पहिल्या अर्ध्या तासात एकही पाना उचलला नाही. गाडी सुरू करायला लावली, रेस द्यायला लावली आणि स्वतः सायलेन्सरच्या मागे उकिडवे बसले.

"धूर काळा असता तर मी एअर फिल्टर पाह्यला असता," ते म्हणाले. "निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. ह्यो पांढरा हाय, अन् सारखा नाही, मधातच येते. म्हंजे डिझेल अर्धं जळून राह्यलं. काहून, ते पाहू."

मग त्यांनी जे केलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. पाच लिटरची एक स्वच्छ कॅन बॉनेटच्या वर दोरीने टांगली. टाकीकडून येणारा पाईप फीड पंपापाशी सोडला आणि त्या जागी कॅनमधून पारदर्शक नळी लावली. हातपंप मारून आधी फिल्टरच्या बँजो बोल्टातून हवा काढली. बोल्ट सैल करताच फेस फसफसत आला, बुडबुडे मोठे, मग बारीक, मग साबणाच्या पाण्यासारखे, आणि शेवटी नितळ डिझेलची धार. बोल्ट आवळला. इंजिन सुरू केलं आणि तसंच अर्धा तास चालू ठेवलं, मधून मधून रेस वाढवत. एक झटका नाही. पुढची चाकं ओट्यावर चढवून गाडी उभी केली, तरी नाही.

म्हणजे पंप चांगला, नोझल चांगले, फिल्टर चांगला. दोष कॅनच्या अलीकडे नव्हता, टाकीच्या बाजूला होता. एवढं सिद्ध करायला एक कॅन आणि वीतभर नळी लागली. हजारो रुपयांचं काम सांगण्याआधी ही अर्ध्या तासाची तपासणी प्रत्येक गॅरेजात झाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

नंतर तीच पारदर्शक नळी त्यांनी टाकीच्या पाईपाला आणि फीड पंपाला मधोमध जोडली. आता कॅन नाही, नेहमीसारखं टाकीतूनच डिझेल. इंजिन संथ चालत होतं आणि नळीतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक सरकत होते. "पाहा," मिस्त्री म्हणाले, "गाडी हवा घेते."

डिझेल इंजिनाला हवेचा एवढा तिटकारा का, हे तिथेच कळलं. ह्या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा. तो फवारा बारीक उडावा म्हणून नोझल दोनशे बारच्या आसपास दाब झाल्याशिवाय उघडतच नाही. पंपातला दांडा प्रत्येक खेपेला जेमतेम काही मिलिमीटर सरकतो. समोर डिझेल असेल तर ते दबत नाही, दाब थेट नोझलपर्यंत पोचतो. पण मध्ये बुडबुडा आला की दांड्याची सगळी मेहनत त्या बुडबुड्याला चेपण्यात जाते, नोझल उघडत नाही किंवा अर्धवट उघडतं. तोच मिसिंगचा झटका, तोच पांढरा धूर.

आणि चढावरच का? टाकी गाडीच्या मागच्या अंगाला, इंजिन पुढे. नाक वर झालं की इंजिन टाकीपेक्षा उंच जातं, फीड पंपाला डिझेल जास्त जोर लावून ओढावं लागतं. पाईपात कुठे सुईएवढं भोक असेल तर त्या ओढीने तिथून हवा आत येते. ह्याच ओढीमुळे डिझेल बाहेर गळत नाही. गाडीखाली एक थेंब नाही, म्हणून पाईपावर कोणाचा संशय जात नाही.

मिस्त्री गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले. टाकीपासून पाईपावर बोटं फिरवत, कापडाने पुसत, हातभर हातभर पुढे सरकत होते. मीही शेजारी आडवा झालो. चेसीच्या आडव्या पट्टीपाशी त्यांची बोटं थांबली. पाईप धरून ठेवणारी क्लिप तुटून लोंबत होती आणि मोकळा झालेला पाईप पट्टीच्या कडेवर घासून चपटा झाला होता. घासलेली जागा नव्या नाण्यासारखी चकचकीत होती. मधोमध एक टिंब. त्यावर बोटाची धूळसुद्धा ओली झाली नाही.

मला वाटलं संपलं. पाईपाचा तुकडा बदलायचा, रबर लावून नवी क्लिप ठोकायची, नवे तांब्याचे वायसर. पण मिस्त्री खालीच पडून राहिले आणि मागच्या कमानींच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, पाट्यांकडे बघत म्हणाले, "भाऊ, पाईप करून देतो. पण क्लिप काहून तुटली? ह्या कमानी अशाच राह्यल्या तर वर्षभरात दुसरीकडे फुटंल."

ही गाडी माझ्याकडे येण्याआधी सवारी वाहायची. मागे, पुढे, टपावर माणसं. आधीच्या मालकाने मागच्या कमानींत प्रत्येकी दोन पाटे वाढवून घेतले होते. मूळचे सहा पाटे सहा-सहा मिलिमीटर जाडीचे, वरून घातलेले दोन आठ मिलिमीटरचे, कोणत्या तरी मोठ्या गाडीचे कापून. दिसायला फरक बोटाच्या पेराएवढाही नाही. पण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. सहाचा घन दोनशे सोळा, आठचा पाचशे बारा. लांबी-रुंदी सारखी धरली तर एक जाड पाटा सव्वादोनांहून जास्त बारक्या पाट्यांचं काम करतो. म्हणजे सहा पाट्यांची कमान जवळजवळ अकरा पाट्यांची झाली होती. वर दहा-पंधरा माणसं असतील तर ती थोडी तरी दबायची. आता माझी चार पोती आणि दोन माणसं. कमान जागची हलत नव्हती. खड्ड्याचा प्रत्येक दणका पाटे न गिळता सरळ चेसीला देत होते. चेसी थरथरली की क्लिपा तुटतात, पाईप घासतात, बॅटरीचे पट्टे सुटतात. इंजिनाचं दुखणं कमानीतून आलं होतं. महिनाभर मी बॉनेट उघडून पुढे शोधत होतो.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. ढाणकीतल्या त्या अंगणात एक फूटभर उंचीचा दगडी पाट होता, त्यावर पुढचं डावं चाक चढवलं. मागचं डावं चाक जमिनीपासून अलगद उचललं गेलं. टायरखालून माझा पंजा आरपार गेला. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला विरोध नाही ते फिरत राहतं आणि जमिनीवरचं चाक उभं राहतं. काळ्या चिखलात आमची गाडी अडायची तेव्हा मी टायरला दोष देत होतो. चाक खाली पोचतच नव्हतं तर टायर काय करणार?

मला मनातून गाडी उंच करून हवी होती. लांब शॅकल लावून चार बोटं वर घेतात, तशी. मिस्त्रींनी ठाम नकार दिला. पुढचे शॅकल लांब केले की एक्सलचा कल फिरतो आणि स्टिअरिंग सरळ रेषेत राहत नाही, हाताला भरकटल्यासारखं लागतं. मागे उंची वाढली की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्याचा क्रॉस लवकर झिजतो. ब्रेकचे होज ताणतात. आणि एवढं करून डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो, कारण तो एक्सलवर आहे आणि एक्सलला वर उचलतो तो फक्त टायर. मोटार वाहन कायद्याचं, १९८८ चं कलम ५२ आहेच. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही. मी उंचीचा नाद सोडला. "उंची नको, लवचीकपणा घ्या," एवढंच ते म्हणाले.

दोन्ही मागच्या कमानी उतरवल्या. सेंटर बोल्ट निघाला तेव्हा पाटे एकमेकांना चिकटलेलेच होते. मध्ये गंज आणि मातीचा लाल पापुद्रा, छिन्नी घालून उकलावे लागले. चिकटलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, सगळे मिळून एकच जाड पट्टी होते. जाडीच्या घनाचा हिशेब तिथेही भोवतो.

मूळचे पाटे घेऊन आम्ही उमरखेडला गेलो. नांदेड-यवतमाळ हमरस्त्यावर ट्रकचे पाटे करणारे बसतात. तिथल्या कारागिराने फरशीवर खडूने कमानीची रेघ मारली आणि प्रत्येक पाटा थंडच ठोकायला घेतला. भट्टीत घातला तर कमान लवकर येते, पण पोलादाचं पाणी उतरतं. नंतर तेलात नीट विझवून पाणी दिलं नाही तर दोन महिन्यांत पाटा पुन्हा सपाट. म्हणून थंड ठोका. दोन टेकूंवर पाटा ठेवायचा, इंचाइंचावर घण, मध्ये मध्ये खडूच्या रेघेला लावून पाहायचं. घाव योग्य बसला तर आवाज घंटेसारखा लांबतो. एका पाट्याचा आवाज बद्द आला. कारागिराने तो बाजूला ठेवला, रॉकेलचा बोळा फिरवला, वर खडूची पूड घासली. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीत केसासारखी काळी रेघ उमटली. तडा. तो पाटा नवा घेतला.

जोडताना मिस्त्रींनी घाई केली नाही. तारेच्या ब्रशने पाटे घासले, मध्ये ग्राफाइटचं ग्रीस लावलं. सहा बारीक पाटे, आणि उरलेल्या दोन जाड पाट्यांपैकी एकही नाही. यू-बोल्ट नवेच, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. नट तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळले. शॅकलचे बुश रबरी, नवे. पण त्यांचे बोल्ट चाकं लावून, गाडी घोड्यावरून खाली घेऊन, पूर्ण वजन पडल्यावरच शेवटचे आवळले. लोंबत्या अवस्थेत आवळले असते तर रबर कायम पिळलेलं राहिलं असतं आणि लवकर फाटलं असतं. मऊ झालेल्या कमानीला आवरायला चारही शॉकअप नवे घातले. बंपरवर दोन्ही हातांनी भार देऊन सोडलं : गाडी एकदा खाली गेली, वर आली आणि थांबली.

पुन्हा दगडी पाटावर चाक चढवलं. मागचं चाक या वेळी जमिनीला धरून होतं. टायरखाली कागदसुद्धा सरकला नाही.

शेवटी मिस्त्रींनी प्रत्येक यू-बोल्टच्या नटापासून खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आणि दोनशे किलोमीटर चालवून परत यायला सांगितलं. नवे पाटे, नवं ग्रीस, थोडं बसणारच.

मोरचंडीच्या चढावर आम्ही पोती भरून तीनदा गेलो. पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा मी मिस्त्रींना सांगून फीड पंपापाशी तसाच ठेवून घेतला होता. चढ संपल्यावर दर वेळी बॉनेट उघडून पाहायचो. नळीत डिझेल नितळ, पिवळसर. बुडबुडा नाही.

दोनशे किलोमीटर झाल्यावर गाडी परत नेली. मिस्त्री टॉर्च घेऊन खाली शिरले. आठ नटांपैकी सात रेघा जागेवर होत्या. डाव्या कमानीच्या आतल्या नटाची रेघ गव्हाच्या दाण्याएवढी सरकली होती. त्यांनी पाना लावला, पाव फेरा दिला, चिंधीने जुनी रेघ पुसली आणि नवी ओढली.