हिरो नाकावर आपटला!

आवडतं फाउंटन पेन पडलं की आधी आपण हळहळतो आणि मग पक्कड शोधतो. नेमकं तेच करायचं नसतं! चाळीस वर्षांच्या एका पेनाच्या दुरुस्तीची ही गोष्ट... आणि एका सहीचीसुद्धा.

टक्!

एवढाच आवाज झाला. कर्वे रोडवरच्या एका कॅफेत मी लॅपटॉप सरकवला आणि शेजारचं पेन घरंगळत थेट फरशीवर. टोपण काढलेलं होतं. अशा वेळी पेन आडवं पडलंय, मागच्या बाजूवर पडलंय, असं कधी होतं का? छे! ते पडलं नेमकं निबवर. टेबलाखाली वाकून उचललं, तर निबचं टोक वर वळलेलं आणि तिच्यावरच्या प्लॅस्टिकला उभी चीर.

आता तुम्ही म्हणाल, पेनच ना? हल्ली पेन लागतं कुणाला? भाजीवाल्याचे पैसे मोबाइलवर, रजेचा अर्ज पोर्टलवर, प्रेमपत्रं तर कधीच चॅटवर गेली. सगळं मान्य. पण हे पेन माझं नव्हतं. बाबांचं होतं. आणि मी ते न विचारता आणलं होतं.

चायनाचं हिरो

ज्यांच्या घरात ऐंशीच्या दशकात कुणी नोकरीला होतं, त्यांना ‘चायनाचं हिरो’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. शांघायचं हिरो ६१६. मरून अंग, स्टीलचं टोपण, त्यावर सोनेरी क्लिप. निबचं फक्त टोक बाहेर दिसणार, बाकी सगळी निब प्लॅस्टिकच्या निमुळत्या झाकणाखाली. आमच्या घरात या झाकणाला ‘नाक’ म्हणतात. हे रूप काही हिरोचं स्वतःचं नव्हे. अमेरिकेतल्या पार्कर कंपनीने १९४१ मध्ये ‘पार्कर ५१’ आणलं, त्याची ही सरळसरळ नक्कल. पण ओरिजिनल पार्कर तेव्हा परवडत होतं कुणाला? आपल्याकडच्या कितीतरी शर्टांच्या खिशांवर हिरोचीच क्लिप मिरवायची.

बाबांचं हिरो १९८५ सालचं. आत्याच्या यजमानांनी काठमांडूहून आणलेलं. बाबा तेव्हा साताऱ्याकडच्या एका साखर कारखान्यात अकाउंट्सला नुकतेच चिकटले होते. पगारपत्रकं, उसाची बिलं, माझं प्रगतिपुस्तक, ताईच्या लग्नातली आहेराची यादी... सगळ्यावर याच पेनाची रॉयल ब्लू शाई. मी मुलाखतींना ते पेन का न्यायचे? खरं सांगू? शायनिंग! जेल पेन काढलं की समोरचा माणूस घड्याळ बघतो. हिरो काढलं की, ‘अरे वा, फाउंटन पेन?’ म्हणतो आणि मोकळेपणाने बोलायला लागतो.

इथवर सगळी गंमत होती. पण ज्या आठवड्यात हिरो पडलं, त्याच आठवड्यात बाबांनी सोसायटीच्या मेंटेनन्ससाठी दिलेला चेक बँकेतून परत आला. कारण, सही जुळत नाही.

बाबांना गेल्या वर्षी पार्किन्सन्सचं निदान झालं. हात थरथरतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण या आजारात अक्षरही हळूहळू लहान होत जातं, हे मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. ओळीच्या सुरुवातीला बऱ्यापैकी असलेलं अक्षर शेवटाकडे मुंगीएवढं होतं. बाबांची ती ऐसपैस, शेवटी शेपूट काढलेली सही आता नखाएवढ्या जागेत मावत होती.

बाबांनी मात्र निदान वेगळंच केलं. ‘बॉलपेनने केली ना, म्हणून. हिरो कुठाय? हिरोने बरोबर येते सही.’

हिरो माझ्या सॅकमध्ये होतं. नाक फुटलेलं.

बाबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं बरं का. बॉलपेनची शाई घट्ट आणि तेलकट. टोकाचा छोटा गोळा कागदावर फिरेल तेव्हाच ती उतरते, आणि तो फिरवायला जोर लागतो. फाउंटन पेनात शाई पाण्यासारखी पातळ. निबच्या चिरेतून ती केशाकर्षणाने टोकाशी येऊन थांबलेली असते (नववी-दहावीचं विज्ञान आठवा!). कागदाला टोक नुसतं टेकलं की काम झालं. न्यू यॉर्कच्या लुइस वॉटरमनने १८८४ मध्ये पेटंट घेतलं ते याच गोष्टीवर. शाई खाली जाईल तशी हवा आत येण्याची नीट सोय त्याने केली. म्हणजे ज्याच्या हातात जोर कमी, त्याला फाउंटन पेन सोपंच.

मग काय, हिरो दुरुस्त करणं भागच होतं. तेही बाबांना कळायच्या आत.

रोगापेक्षा औषध जालीम

पहिला प्रयोग, पक्कड. वळलेलं टोक चिमटीत धरून खाली दाबलं. टोक खाली आलं, पण जरा जास्तच! शिवाय निबच्या दोन पात्यांपैकी एक वर, एक खाली. कागदावर टेकवलं तर पेन लिहीत नव्हतं, ओरखडत होतं.

दुसरा प्रयोग, इन्स्टंट ग्लू. नाकाच्या चिरेत एक थेंब. चीर चिकटली खरी, पण पाच मिनिटांत आजूबाजूचं मरून प्लॅस्टिक पांढुरकं पडलं, हिवाळ्यात हात उलतात तसं. त्या ग्लूच्या वाफेने तसं होतं म्हणे. हे मला नंतर कळलं.

तिसरा प्रयोग सांगताना लाज वाटते. तो पांढरेपणा घालवायला मी नेलपॉलिश रिमूव्हर लावलं. त्यातल्या अॅसिटोनने प्लॅस्टिकच मऊ पडलं आणि माझ्या बोटाचा ठसा हिरोच्या नाकावर कायमचा उमटला. आधारसाठी दिला होता त्यापेक्षा स्पष्ट!

या टप्प्यावर कुठलाही शहाणा माणूस करेल तेच मी केलं. हात जोडले आणि जाणकार शोधायला निघाले.

लिहिणार कोण?

पुण्यात कागद, वही, पेन म्हटलं की अप्पा बळवंत चौक. पाच दुकानांत एकच उत्तर मिळालं, ‘दुरुस्ती? मॅडम, नवं घ्या की!’ सहाव्या दुकानातल्या मुलाने मात्र मागच्या बोळाकडे बोट दाखवलं. ‘काका बसलेत का बघा.’

काका बसले होते. एक टेबल, टेबल लॅम्प, डोळ्याला लावायचं भिंग, चहाच्या कपात कोमट पाणी आणि पत्र्याच्या डब्यात मेलेल्या पेनांचे अवयव. मी हिरो पुढे केलं. काकांनी ते उलटसुलट बघितलं.

‘पडलं किती आणि पाडलं किती?’

‘म्हणजे?’

‘फरशीवर पडून एवढं होत नाही. पुढचं कुणी केलं?’

मी कबुली दिली. ते हसले नाहीत. नाकाकडचा भाग त्यांनी कोमट पाण्यात धरून ठेवला. पाणी निळं झालं, ओतलं, परत निळं झालं. वाळलेली शाई निघाल्याशिवाय काही फिरवायचं नाही, नाहीतर तुटतं, हा पहिला नियम. मग किंचित ऊब देऊन नाक फिरवलं, तशी आतली जुनी चिकटण सुटली. आत माशाच्या कल्ल्यांसारख्या बारीक पट्ट्या होत्या. जास्तीची शाई तिथे थांबते, म्हणून कागदावर डाग पडत नाही. चाळीस वर्षांत हे मी कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी तरी कुठे पाहिलं असेल?

काकांनी निब भिंगाखाली धरली. ‘ही आधी पण एकदा वाकलीय. जुनी खूण आहे.’

‘नाही हो. बाबा पेनाला फार जपायचे.’

‘असेल,’ काका म्हणाले आणि कामाला लागले. लाकडाच्या ठोकळ्यावर निब ठेवून नखाने आणि पितळेच्या काडीने हळूहळू रेटायची, बघायची, परत रेटायची. पक्कड नाहीच. दोन पाती एका पातळीत आल्यावर मधल्या चिरेतून कागदाहून पातळ पितळी पत्रा फिरवला. वीसेक मिनिटांनी निब बऱ्यापैकी सरळ झाली.

‘आता ऐका. टोक एका बाजूने घासून सपाट झालंय. तुमचे वडील पेन उजवीकडे कलतं धरायचे. तसंच धरलं तर लोण्यासारखं चालेल. वेगळं धरलं की त्या सपाटीची कड कागदाला लागणार. ती गोल करून देऊ?’

‘नको!’ मी जवळजवळ ओरडलेच. ती सपाटी म्हणजे बाबांचा हात होता. १९८५ पासूनची पगारपत्रकं होती. ती काय पॉलिश पेपरने पुसून टाकायची?

काकांनी भिंग काढलं. ‘पेन ठेवायचंय की लिहायचंय?’

‘लिहायचंय.’

‘लिहिणार कोण?’

‘बाबा. पण त्यांना आता...’ मी पार्किन्सन्सचं सांगितलं. सहीचं, चेकचंही सांगितलं.

‘मग आता ते पेन कसं धरतात ते दाखवा. तेव्हाचं कशाला सांगताय?’

मी हातात पेन घेऊन दाखवलं. जवळजवळ उभं, बोटं टोकाजवळ, मनगट टेबलावर दाबलेलं. दाखवतानाच माझ्या लक्षात आलं, की कलतं पेन धरलेले बाबा मला आठवत होते, पण तसे ते गेल्या कित्येक महिन्यांत दिसलेच नव्हते.

‘करा गोल,’ मी म्हणाले.

बारीक पॉलिश पेपरवर काकांनी निबने आठचे आकडे काढले. चार-पाच काढायचे, भिंगातून बघायचं, परत चार-पाच. दहा मिनिटांत चाळीस वर्षं घासली गेली. नाक मात्र वाचण्यासारखं नव्हतं. डब्यातल्या एका मेलेल्या हिरोचं नाक काढून त्यांनी बसवलं. ते काळं होतं! मरून पेनाला काळं नाक. आणि ते चिकटवलं कशाने? लाखेने. तीच ती झाडावरच्या किड्यांची लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली.

‘ग्लूने पक्कं नाही का बसणार?’ माझा भाबडा प्रश्न.

‘पक्कंच तर नको असतं. लाख ऊब दिली की सुटते. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला उघडता आलं पाहिजे.’

बिल झालं तीनशे रुपये. तेवढ्यात कदाचित नवं हिरो आलं असतं. मी घासाघीस केली नाही. जितकी घासायची होती, तितकी झाली होती.

सही

घरी येऊन बाबांसमोर पेन ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं.

‘याला मास्क कुणी लावला?’

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. कॅफे, पक्कड, ग्लू, रिमूव्हर. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘कारखान्यात माझ्याकडूनही पडलं होतं एकदा. टोक वाकलं होतं. तुझ्या आईच्या अडकित्त्याने सरळ केलं. कुणाला बोललो नाही.’

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘तरीच माझा अडकित्ता निळा!’

बाबांनी कागद ओढला आणि सही केली. पेन अडकलं नाही, ओरखडलं नाही. शाई एकसारखी उतरली. पण सही लहानच होती. शेपूट अर्ध्यावर थांबलेलं. बाबांनी आणखी दोनदा करून बघितली. नंतर त्यांनी टोपण लावलं.

‘पेन चांगलं झालंय गं,’ ते म्हणाले. ‘बँकेत जाऊ या. त्यांना आताची सही देऊन येऊ.’

सोमवारी गेलो. फॉर्म, ओळखपत्र, फोटो. काउंटरवरच्या मुलीने दोरीला बांधलेलं बॉलपेन पुढे केलं. बाबांनी खिशातून हिरो काढलं आणि तिच्यासमोर तीनदा सही केली. लहान, पण तिन्ही एकसारख्या. पुढच्या आठवड्यात मेंटेनन्सचा चेक वटला.

हिरो आता पुन्हा बाबांच्या खिशात असतं. मी मुलाखतींना जेल पेन नेते. समोरचे घड्याळ बघतात. बघू देत!

तुमचं पेन पडलं तर?

* आधी लिहून बघू नका. वाकलेल्या निबवर जोर दिला की ती आणखी वाकते. टोपण लावा आणि पेन निब वर करून ठेवा.
* शाई काढून साध्या, फार तर कोमट पाण्याने धुवा. उकळतं पाणी नको, जुनं प्लॅस्टिक वेडंवाकडं होतं.
* स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर पेनाच्या जवळही नको. (माझ्या बोटाचा ठसा साक्षीला आहे!)
* नुसतं अडखळत असेल तर निब मोडलेली नसते, बहुतेक वेळा आत शाई वाळलेली असते. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी धुवा.
* ड्रॉइंगची वॉटरप्रूफ इंडियन इंक फाउंटन पेनात कधीही भरू नका. ती आत वाळली की निघत नाही.
* महिना-महिना लिहिणार नसाल तर पेन रिकामं करून, धुऊन ठेवा.
* दुरुस्तीला देताना पेन कोण वापरणार आणि ते कसं धरतं, हे सांगा. शक्य असेल तर त्या माणसालाच सोबत न्या.