मिरजेची सतारमेकर गल्ली

मिरज शहराच्या जुन्या वस्तीत सतारमेकर गल्ली म्हणून जी आळी आहे, तेथील कारागिरांचे पूर्वज वाद्ये घडवीत नसत, तर तलवारी आणि भाले यांना धार लावीत असत. हे शिकलगार पेशवाई बुडून इंग्रजांचा अंमल कायम झाल्यावर, शस्त्रांची मागणी ओसरली तेव्हा, निरुद्योगी झाले असते. परंतु पटवर्धनांच्या संस्थानात गायनाला आश्रय होता, आणि सुमारे १८५० साली फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने गवयांची नादुरुस्त वाद्ये सुधारता सुधारता स्वतःच तंबोरा आणि सतार घडविण्यास आरंभ केला. पुढे सतारमेकर हेच या घराण्यांचे आडनाव झाले.

तंबोऱ्याचा जन्म मात्र गल्लीत नव्हे, शेतात होतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील मळ्यांत पिकलेला मोठा कडू भोपळा वाळून येथे आला, की तो पाण्यात भिजवून, तोंड कापून, आतील गर व बिया काढून पुन्हा वाळवितात. मग तुणीच्या लाकडाची दांडी, तबली, खुंट्या आणि घोडी त्याला चढतात. भोपळा जेवढा मोठा तेवढा स्वर खर्जाकडे झुकतो, म्हणून पुरुष गवयाचा तंबोरा आकाराने थोर असतो. परंतु या विद्येचे खरे मर्म जवारीत आहे. घोडीचा पृष्ठभाग कानशीने अशा बेताने घासावयाचा, की तारेखाली सुताचा धागा सारताच एका षड्जातून अनेक स्वरांचे गुंजन उठावे. यासाठी माप नाही, केवळ कान आणि हात. पात्याचा कण न् कण पारखणाऱ्या शिकलगाराच्या बोटांनाच हे साधले, यात मला तरी नवल वाटत नाही.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेस राहिले, तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हातही वाकबगार होता, आणि १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर ख्वाजा शमना मिरा यांच्या दर्ग्यातच त्यांना चिरविश्रांती मिळाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले, हे योग्यच झाले; तथापि विजेच्या पेटीतून स्वर काढणाऱ्यांची संख्या वाढत असता, सनदेने कारागिराचे घर चालत नाही. ज्यांच्या घरी आजोबांचा तंबोरा कोनाड्यात मुका उभा आहे, त्यांनी तो एकदा या गल्लीत नेऊन त्याची जवारी काढवून घ्यावी.