अहेरीच्या रानातला पाहुणचार

पहाटे ४

बंब पेटवला की आमचा दिवस सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत अहेरी तालुक्यातल्या रानात पहाटे बोटं आखडतात, आणि पाहुण्यांना सहाच्या आत अंघोळीचं गरम पाणी लागतं. सरपण आम्ही विकत आणतो. पाहुण्यांसाठी रानातली फांदी तोडायची नाही, हे आधीपासून ठरलेलं आहे.

धान कापून झालं की रिकाम्या बांधीत आमचे तंबू उभे राहतात आणि नांगरणीच्या आधी निघतात. जाड कॅनव्हास, आत पलंग, गादी, रजई, शेजारी स्वच्छ संडास आणि न्हाणी, बाहेर बसायला आरामखुर्च्या. जाहिरातीच्या भाषेत याला लक्झरी कॅम्पिंग म्हणतात. त्यातली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती असं विचाराल, तर मी मच्छरदाणी दाखवीन. महाराष्ट्रात हिवतापाचा सगळ्यात मोठा भार गडचिरोली जिल्ह्यावर आहे. म्हणून पाहुणे बाहेर पडले की आम्ही प्रत्येक मच्छरदाणी उजेडासमोर धरून पाहतो, हरभरा जाईल एवढं भोक दिसलं तरी शिवतो, आणि चारी कडा गादीखाली खोचून ठेवतो. गादी एखादे वेळी पातळ निघाली तर पाहुणा कुरकुरेल आणि विसरून जाईल. ताप घेऊन परतला तर या भागाला आयुष्यभर नाव ठेवील.

पहाटे ५:३०

स्वयंपाकाच्या मांडवात अक्का आलेल्या असतात. नदीपलीकडे तेलंगणा असल्यामुळे आमच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि माडिया-गोंडी एकाच व्यवहारात ऐकू येतात, आणि वडीलधाऱ्या बाईला अक्का म्हणण्याची इथे सर्रास रीत आहे. चहा, तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी. ज्यांना हवा त्यांना जावा, म्हणजे पातळ पेज. कामावर निघणारी माणसं हीच पिऊन निघतात, आणि उन्हात तासन् तास चालायचं असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही.

चहा घेताना ठरलेला प्रश्न येतो, वाघ दिसेल का? पाहुण्यांपैकी बरेच जण ताडोबा करून आलेले असतात. १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान, १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प, मोहर्ली-कोलाराची फाटकं, जिप्सींच्या रांगा, तळ्याकाठी निवांत बसलेली वाघीण. ते सारं उत्तम आहे आणि त्याने चंद्रपूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल पेटते. पण ज्याच्या नावावरून ताडोबा हे नाव पडलं, तो तारू गोंडांचा देव आहे. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, आणि फाटकातून आत जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याची ओळख होते. आमच्याकडे क्रम उलटा लावायचा प्रयत्न आहे. इथे वाघ आहे, त्याच्या भीतीने गावातली माणसं उजाडल्याशिवाय शेतात जात नाहीत, पण तो दाखवण्याचं वचन मी देत नाही. रान आणि रानातली माणसं एकत्र दिसतील, एवढं मात्र सांगते.

सकाळी ६:१५

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला सोळाएक किलोमीटरवर ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ आहे. अवघं ६ हेक्टरांचं जुनं जंगल. वनविभागाने ते कुऱ्हाडीपासून दूर ठेवलं आणि २०१४ मध्ये ते राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ झालं. आलापल्लीच्या सागाची कीर्ती जुनी आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून वाजतगाजत जे लाकूड गेलं, तेही गडचिरोलीच्या याच रानांचं. ज्याची ख्याती कापून झाल्यावर होते, तो साग इथे उभा पाहायला मिळतो. बुंध्याला दोघांनी मिळून कवळ घालावी तरी हात पोचत नाहीत.

आमचा वाटाड्या जवळच्याच गावातला माडिया तरुण आहे. तो पाहुण्यांना सांगतो, ‘दादा, खाली बघून चाला, वर बघायचं तेव्हा उभे राहा.’ सागाचं कोवळं पान तो तळहातावर चोळायला देतो, हात लाल होतो, आणि मोठी माणसंसुद्धा पोरांसारखी एकमेकांना हात दाखवत सुटतात. येन, बिजा, हळदू, तेंदू, चार, मोह, प्रत्येक झाडापाशी तो थांबतो. कुठल्या झाडाचं काय खातात, काय विकतात, कशाला हात लावत नाहीत, हे त्याच्याकडूनच ऐकावं. शेकरू दिसायच्या आधी कानाला कळतं. वरून खडखडणारा आवाज येतो, मग फांदीवरून झुपकेदार शेपूट लोंबताना दिसते. भृंगराज दुसऱ्या पाखरांच्या नकला करत असतो. जीपमध्ये बसून यातलं निम्मंही हाती लागत नाही.

सकाळी ९

परत फिरून आलापल्लीवरून सिरोंच्याच्या रस्त्याला लागायचं. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक या भागातल्या रस्त्यांवर धावतात, त्यामुळे वेळेचा हिशेब सैल धरावा लागतो. पाहुणे खिडकीतून धूळ पाहतात आणि प्रश्न विचारतात. मी उत्तर टाळत नाही. जंगल पाहायला आलेल्या माणसाने खाणीचे ट्रकही पाहावेत. दोन्ही याच जिल्ह्यात आहेत.

सकाळी १०:३०

रेपनपल्लीवरून आत गेलं की कमलापूर. महाराष्ट्रातला शासकीय हत्ती कॅम्प तो हाच. एके काळी तोडलेले सागाचे ओंडके रानातून ओढून आणणं हे इथल्या हत्तींचं काम होतं. ट्रक आणि यंत्रं आली, ते काम संपलं, पण हत्ती इथेच राहिले. त्यांची पिल्लंही इथेच जन्मली.

माहूत आणि चारा कापणारे चाराकटर यांचा दिवस आमच्यापेक्षा खडतर असतो. हत्ती रात्री रानातच असतात, बांबू, पाला, साली खात हिंडतात. सकाळी त्यांना शोधून आणायचं. पायातल्या लांब साखळीचा मातीवर उमटलेला ओरखडा, मोडलेला बांबू, ताजी लीद, यांवरून माग काढत माणसं कधी जवळच, कधी कोसभर आत जातात. त्यामुळे हत्ती कॅम्पवर किती वाजता येतील हे घड्याळ सांगू शकत नाही. एकदा एका पाहुण्याने जरा आवाज चढवून विचारलं, ‘दहाची वेळ दिली होती ना?’ माहूत शांतपणे म्हणाला, ‘साहेब, आम्ही वेळ दिली, हत्तीने दिली नव्हती.’ मग तो पाहुणा तासभर झाडाखाली बसला, आणि हत्ती झाडीतून बाहेर आले तेव्हा पहिला उभा राहिला तोही तोच.

तळ्यात अंघोळ होते. माहूत पाठीवर, कानामागे घासतो, हत्तीण कुशीवर लवंडते, पिल्लू तिच्या पोटाला चिकटून सोंडेने चिखल उडवतं. मग शिजवलेलं अन्न आणि गूळ असा खुराक. या कॅम्पमधली मला सगळ्यात आवडणारी रीत वर्षातून एकदाच दिसते. थंडीत हत्तींना काही दिवस सुटी मिळते आणि त्यांच्या पायांना चोपिंग होतं. हिरडा, बेहडा आणि आणखी कितीतरी वनौषधी मोठ्या कढईत शिजवून काढतात. तो ऊन लेप तळव्यांना लावून पाय शेकतात. भेगा भरतात, तळवे घट्ट होतात. एवढं प्रचंड जनावर एक पाय उचलून माणसाच्या हातात देतं आणि माणूस ओणवा होऊन नखाच्या कडेची माती काढतो. हे चालू असताना आम्ही पाहुण्यांना नेत नाही. सुटी हत्तींची आहे.

२०२२ मध्ये इथले हत्ती गुजरातेत जामनगरला न्यायचं घाटत होतं, तेव्हा लोकांनी मोठा विरोध केला. हत्ती गेले असते तर अहेरीला येणारा पर्यटकही गेला असता हे खरं. पण माणसं केवळ त्यासाठी उभी राहिली नाहीत. ज्या जनावरांच्या आई-आज्यांची नावं गावाला ठाऊक आहेत, ती कुणी परस्पर न्यावीत हे त्यांना सहन झालं नाही.

याच बाजूला पुढे कोलामार्काचं रान आहे. रानम्हशींसाठी २०१३ मध्ये ते संवर्धन राखीव झालं. महाराष्ट्रात रानम्हैस उरली आहे ती या कोपऱ्यात, छत्तीसगडच्या सीमेला लागून, आणि तीही मोजकी.

दुपारी १:३०

जेवण. भात, लाखोळीची डाळ, रानभाजी, असेल तर नदीतला मासा. पाहुणे झोपतात, आम्ही भांडी घासतो, टाकीत पाणी भरतो.

दुपारी ३:३०

आता गावात जायचं, आणि इथेच माझी खरी कसोटी असते. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत. सरकारी कागदावरच्या या शब्दाने पाहुण्यांच्या मनात उगाच काहीतरी चित्र तयार होतं. ते घेऊन ते येतात आणि विचारतात, नाच कधी आहे?

अंदमानात जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत २०१२ मध्ये बाहेर आली तेव्हा देशभर संताप उसळला. मी ती पाहिली होती. आमच्या गावात ते होऊ द्यायचं नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं. म्हणून पाहुण्यांना निघतानाच सांगते. रेला नाच हुकमावर होत नाही. लग्न असेल, सण असेल, गावाचं मन असेल, तर बायका एकमेकींच्या हातात हात गुंफून फेर धरतात, ढोल वाजतो, आणि रात्र सरली तरी पावलं थांबत नाहीत. अशा वेळी गायत्याला, म्हणजे गावप्रमुखाला, विचारायचं, तो बसा म्हणाला तर कडेला बसायचं. एरवी गाव जे काम करत असेल ते पाहायचं, जमलं तर हात लावायचा.

तर आज काय चाललं होतं? एका अंगणात म्हातारा बांबूच्या कामट्या काढत होता. विळ्याची धार अंगठ्याने जोखायची, कांबीच्या टोकाला खाच पाडायची, आणि मग एकाच ओढीत हातभर लांब, कागदासारखी पातळ कामटी सोडवायची. पुण्याच्या एका ताईंनी करून पाहिली, चार बोटांवरच ती तुटली. म्हाताऱ्याने तुटकी कामटी बाजूला ठेवली, नवी कांबी दिली, काही बोलला नाही. त्या ताई तिथून तासभर हलल्या नाहीत. मला असा तास हवा असतो.

गोटुलमध्ये नेत नाही. बाहेरच्यांनी त्याविषयी वाट्टेल ते लिहिलं आहे. गावासाठी ती पोरापोरींनी जमायची, शिकायची, आणि आता ग्रामसभा बसायचीही जागा आहे. रस्त्याकडेला मृतांच्या स्मरणाचे उभे दगड किंवा कोरीव लाकडी खांब दिसतात, तिथे गाडी हळू करतो, फोटोसाठी थांबत नाही. स्मशानात कुणी आपल्या घरच्यांचे फोटो काढले तर आपल्याला कसं वाटेल, एवढं विचारलं की बहुतेकांना पटतं.

संध्याकाळी ६:३०

अंधार लवकर पडतो. शेकोटी, चहा, आणि वाटाड्याच्या गोष्टी. आज त्याने मरका पंडुमची सांगितली. मरका म्हणजे आंबा. हा सण झाल्याशिवाय नवा आंबा खायचा नाही, मग झाड कितीही लगडलेलं असो. नागपूरच्या एका कृषी पदवीधराने लगेच हेरलं, की तोवर कैरी पिकते, कोय धरते, आणि रानात नवं झाड उगवायला बी उरतं. वाटाड्या हसला. ‘आम्हाला आजोबांनी एवढंच सांगितलं, देवाला दिल्याशिवाय खायचं नाही.’ दोन्ही बोलणी खरी आहेत, आणि त्या शेकोटीपाशी ती एकमेकांच्या आड आली नाहीत.

रात्री ९

पाहुणे तंबूत गेले की वही उघडायची. वनहक्क कायदा २००६ चा. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करू लागल्या. त्यामुळे हिशेब ठेवणं इथल्या माणसांना नवं नाही, आणि पाहुण्यांच्या पैशाचंही तसंच व्हावं यावर मी हटून बसले. वाटाड्याची मजुरी, अक्कांची मजुरी, बांधीचं भाडं, कामट्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्याचा मेहनताना, आणि प्रत्येक पाहुण्यामागे ठरलेली रक्कम ग्रामसभेच्या खात्यात. मजुरी त्याच रात्री हातात. बक्षिसी म्हणून कुणाच्या पोरांच्या हातावर नोटा ठेवायच्या नाहीत, हेही पाहुण्यांना आधीच सांगितलेलं असतं.

आज वही मिटायच्या आत गायत्याकडून मुलगा निरोप घेऊन आला. परवा गावाचा पंडुम आहे, बाहेरची माणसं नकोत. परवा येणाऱ्या मुंबईच्या कुटुंबाला मी तेव्हाच फोन लावला. त्यांचं म्हणणं, सण आहे तर मग तोच दिवस उत्तम, आम्ही त्यासाठीच तर येतोय, हवे तर जास्त पैसे देऊ. मी म्हटलं, गावाने नाही म्हटलंय, त्यामुळे पैशांचा प्रश्नच येत नाही. थोडा वेळ ते नाराज होते. मग पर्याय सांगितला. त्या दिवशी गाडी भामरागडला जाईल, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीचा संगम पाहायचा, आणि वाटेत हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प. बाबा आमट्यांनी तो १९७३ च्या डिसेंबरात सुरू केला, तेव्हा तिथवर पोचायला धड रस्ताही नव्हता. कमलापूर दुसऱ्या दिवशी ठेवू. त्यांनी होकार दिला, आणि विचारलं, हत्ती किती वाजता येतात?

मी म्हटलं, सकाळी साडेदहाच्या सुमारास तिथे पोचू, पुढचं माहुतावर आणि हत्तींवर. दुपारचा डबा सोबत घेऊ.