चिखलातली वीज : जिवाणू इलेक्ट्रॉन बाहेर कसे टाकतात?

श्वसन म्हणजे अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी हवाली करणे. आपण ते ऑक्सिजनला देतो. ऑक्सिजन नसलेल्या गाळातले काही जिवाणू ते पेशीबाहेरच्या लोह-मँगनीजच्या खनिजांना देतात. खनिज पेशीत शिरत नाही, म्हणून इलेक्ट्रॉननाच बाहेर जावे लागते.

धाराशिवच्या काळ्या रानात : पाणी तुंबलेल्या कडेचे ढेकूळ फोडले की आत करडी-निळसर माती दिसते. हे इलेक्ट्रॉन मिळालेले लोह. मुळांलगतच्या तांबूस रेघा म्हणजे हवा लागून पुन्हा गंजलेले लोह.

वाटा तीन
• थेट स्पर्श : बाह्यपटलावरची लोहयुक्त प्रथिने, म्हणजे सायटोक्रोम.
• तंतू : जिओबॅक्टर या जिवाणूच्या ‘नॅनोतारा’. २०१९ मध्ये दिसले, की यातला एक तंतू सायटोक्रोमचीच साखळी आहे.
• निरोप्या रेणू : शेवानेला हा जिवाणू फ्लेविन नावाचा रेणू सोडतो, तो इलेक्ट्रॉनची ने-आण करतो.

१९११ : इंग्लंडमध्ये एम. सी. पॉटर यांनी जिवाणूंपासून वीज मिळवली.
१९८८ : न्यूयॉर्कमधील ओनायडा सरोवरातल्या शेवानेलाच्या मँगनीज-‘श्वसना’ची नोंद.
२०१२ : डेन्मार्कच्या समुद्रगाळातले केबल जिवाणू, सेंटिमीटरभर लांब, हजारो पेशींची एकच तार.

आपल्याकडे : लोणार (जि. बुलढाणा). धाराशिवखालचाच दख्खनचा बेसॉल्ट, पण उल्काघाताने खोदलेला. पाणी खारट आणि अतिअल्कधर्मी. तिथल्या गाळातून इलेक्ट्रोडवर वाढवलेल्या जिवाणूंच्या थरात जिओअल्कलीबॅक्टर या जिवाणूंचे प्राबल्य आढळले (२०२०).

गल्लत नको : गोबरगॅसमध्ये मिथेन जाळावा लागतो; सूक्ष्मजीव इंधनघटात, म्हणजे जिवाणूंचे इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडवर घेणाऱ्या घटात, वीज थेट मिळते. मात्र अशा एका घटाचा विद्युतदाब एक व्होल्टच्याही आत.